हस्तकाचा हात

१

पांढऱ्या फुलांच्या शेतात एक स्त्री जखमी होऊन पडली आहे. तिचाच शिष्य तिच्यावर बंदूक रोखून उभा आहे. तिला ठार करणे हे त्याच्यावर सोपवलेले काम आहे आणि ते त्याने पुरे करावे अशी तिचीही इच्छा आहे. दृश्य इथवर येते आणि थबकते. पुढे काय करायचे याची कोणतीही सूचना पडद्यावर उमटत नाही. पुण्यातील एका घरात हा खेळ खेळत बसलेल्या बारावीच्या मुलीला आधी वाटते की संगणक अडकला. मग हळूहळू तिच्या ध्यानात येते की खेळ अडकलेला नाही. तो थांबला आहे, आणि तिच्यासाठी थांबला आहे. गोळी झाडण्याचे बटण तिच्या अंगठ्याखाली आहे. ती कंट्रोलर शेजारी बसलेल्या वडिलांच्या हाती देते आणि म्हणते, "बाबा, तू दाब." वडील दाबतात.

"तू मारलंस तिला," मुलगी म्हणते.

"तू सांगितलंस म्हणून," वडील म्हणतात.

हा खेळ म्हणजे 'मेटल गिअर सॉलिड ३ : स्नेक ईटर'. हिदेओ कोजिमा यांच्या दिग्दर्शनाखाली कोनामी या जपानी कंपनीने तो २००४ मध्ये प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी काढला. २०२३ मध्ये मालिकेतील आधीच्या खेळांसह तो नव्या यंत्रांसाठी पुन्हा प्रकाशित झाला, आणि मुलीच्या हाती आला तो हा पुनःप्रकाशित खेळ. वडील महाविद्यालयात मराठी शिकवतात. साहित्यसिद्धांताच्या तासाला वीस वर्षे ते वोल्फगांग इझर यांची मांडणी समजावून देत आले आहेत : संहितेत रिक्त जागा असतात, त्या वाचक भरतो, आणि म्हणून वाचक हा अर्थाचा सहनिर्माता ठरतो. विद्यार्थ्यांना ही मांडणी आवडते, कारण तिच्यात वाचकाचा गौरव आहे. त्या रात्री प्राध्यापकांना प्रथमच जाणवले की हा गौरव फार स्वस्तात मिळालेला आहे. जॉन ल कारे यांच्या १९६३ च्या 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या कादंबरीच्या अखेरीस बर्लिनच्या भिंतीपाशी जे घडते, ते वाचकाने शेवटचे पान उलटले नाही तरी छापून झालेले असते. वाचक त्याचा साक्षी असतो. फार तर व्यथित साक्षी. फुलांच्या शेतातील मृत्यू मात्र कोणीतरी बटण दाबेपर्यंत घडत नव्हता. आणि तो घडवणाऱ्या माणसाने क्षणाचाही विलंब न लावता हेरकथेतील प्रत्येक हेराच्या ओठावर असते तेच उत्तर दिले होते : सांगितले म्हणून केले.

२

मराठीत हेरासाठी शब्दांची वाण नाही. चर, गुप्तहेर, टेहळ्या, खबऱ्या अशी छटाछटांची नावे आहेत. त्या सर्वांत 'हस्तक' हा शब्द प्रस्तुत विषयाच्या संदर्भात अधिक बोलका आहे. या शब्दात हात आहे. पण तो हात ज्याच्या देहाला जोडलेला आहे त्याच्या मालकीचा नाही. हस्तक जे करतो ते दुसऱ्याच्या वतीने करतो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना त्याचे स्वातंत्र्य सांगितले आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकाला 'हेतु' ही वेगळी संज्ञा दिली. मराठीत 'करणे' आणि 'करवणे' या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे ते हेच. हेरकथेतील सगळा नैतिक पेच या अंतरात वस्तीला असतो : करणारा एक, करवणारा दुसरा, आणि परिणाम भोगणारा बहुधा तिसराच.

या पेचाचा आणखी एक पदर आहे. कौटिल्याने गूढपुरुषांची वर्गवारी केली तेव्हा तापसाच्या, व्यापाऱ्याच्या वा गृहस्थाच्या वेषात एका जागी राहून माहिती मिळवणारे हेर त्याने वेगळे ठेवले आणि शस्त्र चालवणारा 'तीक्ष्ण' व विष घालणारा 'रसद' यांना वेगळ्या वर्गात टाकले. पाहणे आणि मारणे ही त्याच्या लेखी दोन स्वतंत्र कामे होती. हेरगिरीवरील ॲक्शन गेमने ही दोन्ही कामे एका अंगठ्याखाली आणली. म्हणून या प्रकाराचा इतिहास केवळ तंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगणे अपुरे ठरते. खेळणाऱ्याच्या हाताला कोणत्या टप्प्यावर काय करू दिले गेले, आणि त्या कृतीची जबाबदारी कोणाच्या नावे मांडली गेली, या अंगाने तो पाहिला तर त्यातील खरा संघर्ष दिसू लागतो.

३

या प्रकाराच्या आरंभीच एक आश्चर्य आहे. सायलस वॉर्नर यांनी म्यूज सॉफ्टवेअर या कंपनीसाठी १९८१ मध्ये ॲपल २ या संगणकावर 'कॅसल वुल्फेनस्टाइन' हा खेळ रचला. नाझींच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या नायकाने युद्धाच्या गुप्त योजना हस्तगत करून निसटायचे, एवढेच त्याचे कथानक. गोळ्या थोड्या होत्या. पहारेकऱ्यावर बंदूक रोखली की तो हात वर करी आणि गोळी न झाडता त्याची झडती घेता येई. गणवेश मिळाला तर तो चढवून शत्रूच्या डोळ्यांदेखत फिरता येई. १९८४ च्या 'बियाँड कॅसल वुल्फेनस्टाइन' या पुढच्या भागात पहारेकरी परवाना मागत. योग्य परवाना दाखवावा लागे, नाहीतर लाच द्यावी लागे. म्हणजे या प्रकाराच्या पहिल्या महत्त्वाच्या कृतींत हाताला गोळी झाडण्यापलीकडे बरेच काही येत होते : धमकावणे, चाचपणे, वेष बदलणे, कागद पुढे करणे. ही सगळी अस्सल हेराची कामे होत.

१९९२ मध्ये इड सॉफ्टवेअरने त्याच नावाचा वारसा घेऊन 'वुल्फेनस्टाइन ३डी' काढला. मृतदेह ओढून लपवणे, झडती घेणे अशा गोष्टी आरंभीच्या आराखड्यात होत्या. त्यामुळे खेळाची गती मंदावते असे आढळल्यावर त्या काढून टाकण्यात आल्या. जे उरले त्यातून बंदुकीच्या नळीमागून जग पाहणाऱ्या खेळांची प्रचंड परंपरा उभी राहिली. तीक्ष्णाने चराला बाहेर काढले ते असे, आणि वेगाच्या नावाखाली.

वेगाचे हे मूल्य नाणे टाकून खेळायच्या यंत्रांनी आधीच रुजवले होते. १९८३ मध्ये तैतो कंपनीच्या 'एलिव्हेटर ॲक्शन'मध्ये हेर इमारतीच्या छतावर उतरून लिफ्टने खाली येत येत गुप्त कागदपत्रे गोळा करी. त्याच वर्षीच्या बॅली मिडवेच्या 'स्पाय हंटर'मध्ये हेराचे रूपांतर शस्त्रसज्ज मोटारगाडीतच झाले होते. रस्त्यावरच्या निरपराध गाडीला उडवले तर काही काळ गुण मिळणे थांबे. हत्येची जबाबदारी इथे हिशेबाच्या वहीत होती आणि ती थोड्या सेकंदांत फिटत असे.

याच काळात एका वेगळ्या दिशेने गेलेला खेळ म्हणजे १९८४ चा 'स्पाय व्हर्सस स्पाय'. तो 'मॅड' मासिकातील अँटोनियो प्रोहियास यांच्या चित्रमालिकेवर आधारलेला होता. प्रोहियास हे क्यूबातून १९६० मध्ये अमेरिकेत आलेले व्यंगचित्रकार. त्यांचे काळा आणि पांढरा हे दोन हेर रंगाखेरीज कशातच वेगळे नाहीत. कोणाचा पक्ष न्याय्य हा प्रश्नच तिथे गैरलागू ठरतो. खेळात पडदा आडवा दुभंगलेला होता आणि दोन्ही खेळणाऱ्यांना दोन्ही हेर सतत दिसत. प्रतिस्पर्ध्याने सापळा कुठे लावला हे डोळ्यांसमोर असूनही आपण त्याच सापळ्यात जाऊन पडण्याचा अनुभव त्यातून येई. करवणारा कोणीच नाही, दोघे नुसते करीत सुटलेले, असे शीतयुद्धाचे अत्यंत बोचरे चित्र त्या दुभंगलेल्या पडद्याने रेखले.

चराला खेळात परत आणण्याचे श्रेय १९८७ च्या 'मेटल गिअर'ला दिले जाते, आणि त्यामागील कारण साहित्याच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारे आहे. कोजिमा यांच्याकडे युद्धाचा खेळ करण्याचे काम आले होते. परंतु एमएसएक्स २ या संगणकाला पडद्यावर एकाच वेळी पुष्कळ सैनिक आणि पुष्कळ गोळ्या पेलवत नसत. तेव्हा लढण्याऐवजी लपण्याचा खेळ करावा असे ठरले. वृत्ताचे बंधन जसे कवीला अनपेक्षित शब्दापाशी नेऊन सोडते, तसे यंत्राच्या मर्यादेने या प्रकाराला त्याच्या मूळ स्वभावापाशी आणून सोडले. नायक शत्रूच्या तळावर नि:शस्त्र उतरतो. त्याला रेडिओवरून आज्ञा मिळत राहतात. आज्ञा देणारा वरिष्ठ हाच शत्रूचा सेनापती असल्याचे अखेरीस उघड होते. त्याआधी एका टप्प्यावर तो हुकूम सोडतो की संगणक ताबडतोब बंद कर. हा हुकूम कथेतील नायकाला पाळता येणारा नाही. तो पडद्याबाहेर बसलेल्या माणसाला दिलेला आहे. प्रयोजकाचा आवाज प्रथमच कथेची चौकट ओलांडून खऱ्या हातापर्यंत पोहोचला तो इथे.

४

कथानक आणि कृती यांचे सख्य किती कठीण असते याचा धडा १९९० मध्ये सिड मायर यांच्या 'कोव्हर्ट ॲक्शन'ने दिला. त्यात कटाचे धागे जुळवायचे होते, सांकेतिक लिपी उलगडायची होती, आणि मधूनमधून शत्रूच्या इमारतीत घुसायचेही होते. मायर यांनी स्वतःच पुढे हा प्रयोग फसल्याचे सांगितले. घुसखोरीचा भाग इतका गुंतवणारा आणि लांब झाला की त्यातून बाहेर पडेपर्यंत आपण कोणते रहस्य सोडवत होतो हेच विसरायला होई. एका खेळात दोन चांगले खेळ कोंबू नयेत, असा नियम त्यांनी त्यावरून बांधला. रचनातंत्राच्या दृष्टीने नियम ठीकच आहे. पण हे विस्मरण केवळ रचनेतला दोष होता असे म्हणता येईल का, ही शंका राहते. हाताला काम मिळाले की 'का' हा प्रश्न मागे पडतो, ही तर हस्तकाच्या जगण्याचीच रीत आहे.

१९९७ मध्ये रेअर या इंग्लिश कंपनीने मार्टिन हॉलिस यांच्या दिग्दर्शनाखाली निंटेंडो ६४ साठी 'गोल्डनआय ००७' तयार केला. तो १९९५ च्या बाँडपटावर आधारलेला होता आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. गोळीचा आवाज झाला तर पहारेकरी सावध होत. काठिण्याची पातळी वाढली की नेमून दिलेली कामे वाढत. बाँडला मारण्याचा परवाना आहे हे तर सर्वश्रुतच. आता तो परवाना खेळणाऱ्याच्या हाती आला. आणि याच खेळाच्या घडणीत एक छोटासा प्रसंग असा घडला की या साऱ्या परंपरेचे भाष्य त्यात सामावले आहे. हॉलिस यांनी तो २०१५ मध्ये सांगितला. खेळ पुरा होत आलेला असताना निंटेंडोचे शिगेरू मियामोतो यांनी फॅक्सने काही सूचना पाठवल्या. जवळून केलेल्या हत्या फार झाल्या आहेत, हे सारे अतिशय शोकात्म वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सुचवले की खेळाच्या शेवटी नायकाने रुग्णालयात जाऊन आपल्या सर्व शत्रूंशी हस्तांदोलन करावे.

ही सूचना प्रत्यक्षात आली नाही. तिच्याऐवजी अखेरीस पात्रांची ओळख करून देणारी नामावली आली. हे सगळे चित्रपटासारखे रचलेले आहे, खरे कोणी मेलेले नाही, एवढे त्यातून सुचवले गेले. सूचना ऐकून हसू येते, आणि ते हसू ओसरल्यावर तिच्यातले मर्म ध्यानात येते. मियामोतोंनी बंदूक काढून घ्या असे म्हटले नव्हते. ज्या हाताने गोळी झाडली तोच हात पुढे करायला लावा, असे म्हटले होते. आपल्याकडे नाटक संपल्यावर खलनायकाचे काम करणारा नट रंगपटात मुजरे घेतो, तेव्हा प्रेक्षकाच्या मनातले विष उतरते. मियामोतोंना ते उतरणे खेळणाऱ्याच्या हातात हवे होते. नामावलीने प्रेक्षकाची सोय केली. हाताचा प्रश्न तसाच राहिला.

५

प्राध्यापक स्वतः या परंपरेला अगदीच परके नव्हते. एम. ए. करीत असताना, २००२ च्या सुमारास, वसतिगृहाजवळच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून त्यांनी 'प्रोजेक्ट आयजीआय' खेळला होता. नॉर्वेतील इनरलूप स्टुडिओजने २००० मध्ये केलेला हा खेळ त्या काळात गावोगावच्या कॅफेंतून मुलांच्या तोंडी होता. त्यात एकटा जोन्स कुंपण ओलांडून तळात शिरतो, कॅमेरे निकामी करतो, उपग्रहावरून टिपलेला नकाशा पाहतो, आणि दूर कुठेतरी बसलेली आन्या त्याला काय करायचे ते कानात सांगत राहते. मोहिमेच्या मध्यात खेळ जतन करण्याची सोय नव्हती. मेलात की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे दर तासाला मोजलेल्या पैशांइतके पहारेकरी पुन्हापुन्हा मरत. त्यांपैकी एकाचाही चेहरा प्राध्यापकांना आठवत नाही. आन्याचा आवाज मात्र आठवतो.

कानातल्या आवाजाला धोरणाची भाषा मिळाली ती २००२ च्या 'स्प्लिंटर सेल'मध्ये. युबिसॉफ्टच्या माँट्रियल येथील चमूने हा खेळ केला. सॅम फिशर अंधारातून सरकतो, आणि तो किती उजेडात आहे हे दाखवणारा मापक पडद्याच्या कोपऱ्यात असतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ मध्ये चार स्वातंत्र्यांचा उच्चार केला होता. त्या चौघांच्या रक्षणासाठी कायदा मोडण्याचे स्वातंत्र्य म्हणजे या खेळातील 'पाचवे स्वातंत्र्य'. पण सीआयएच्या मुख्यालयात घुसताना कोणाला मारायचे नाही असे कानातला आवाज बजावतो, आणि तिथे हत्या झाली की मोहीम संपते. अंधार तोच, हात तोच, गळा आवळण्याची रीतही तीच. पाप आणि पुण्य मात्र वरून येणाऱ्या परवानगीनुसार ठरते. स्वातंत्र्य हा शब्द इथे ज्या अर्थाने वापरला आहे तो पाणिनीला कर्त्याच्या बाबतीत अभिप्रेत असलेल्या अर्थाच्या नेमका उलट आहे.

या आवाजाला उत्तर म्हणून दोन वेगळे प्रयत्न नोंदवावे लागतात. मोनोलिथने २००० मध्ये केलेल्या 'द ऑपरेटिव्ह : नो वन लिव्हज फॉरएव्हर' या विनोदी खेळात केट आर्चर ही नायिका आडोशाला उभी राहिली तर पहारेकऱ्यांच्या गप्पा ऐकू येतात. खेळ पुढे नेण्यासाठी त्यांची गरज नसते. पण जो थांबून ऐकतो त्याला त्या माणसांची दुखणी, मते, तक्रारी कळतात, आणि मग गोळी झाडणे अवघड होऊन बसते. हेराचे मूळ काम ऐकण्याचे आहे याची आठवण तिथे हसतहसत दिलेली आहे.

दुसरा प्रयत्न 'स्नेक ईटर'चा. त्यातील कथा १९६४ मधील सोव्हिएत भूमीवर घडते. एका टप्प्यावर नायकाला एका नदीतून चालत जावे लागते, आणि खेळणाऱ्याने तोवर जितक्या जणांना मारले त्या सर्वांची भुते समोरून येत राहतात. ज्याने थोड्यांना मारले त्याची नदी लवकर सरते. ज्याने सरसकट मारले त्याला ती संपता संपत नाही. 'स्पाय हंटर'ची वही काही सेकंदांत मिटत होती. इथे ती पाण्यातून चालत येते. या नदीनंतर पुढे फुलांचे शेत येते. गुरू ठार झाल्यावर कळते की तिची फितुरी खोटी होती. देशद्रोही म्हणून मरायचे, तेही शिष्याच्या हातून, हा तिला तिच्याच देशाने दिलेला हुकूम होता. तीही हस्तकच होती. अखेरच्या समारंभात नायकाला पदवी बहाल होते. राष्ट्राध्यक्षांशी तो हात मिळवतो, पण सीआयएच्या प्रमुखाने पुढे केलेला हात तो घेत नाही. मियामोतोंना शत्रूशी हवे असलेले हस्तांदोलन इथे उलट बाजूने येते : करवणाऱ्याशी ते नाकारले जाते.

यावर आक्षेप घेता येईल, आणि प्राध्यापकांनी तो स्वतःशी घेतलाही. बटण दाबण्यावाचून दुसरा मार्ग नसेल तर दाबणाऱ्याला कर्ता म्हणणे हा शब्दच्छल नव्हे काय? खेळ हाच इथे खरा प्रयोजक. खेळणारा केवळ त्याने आखलेल्या वाटेने जातो. आक्षेप बिनतोड वाटतो. पण नीट पाहिले तर तो हस्तकाचाच युक्तिवाद आहे. नायकही हेच म्हणू शकला असता, गुरूही, आणि आज्ञा देणारा प्रमुखसुद्धा. प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतेच. त्या साखळीत कोणीच कर्ता नसतो, आणि तरीही शेतात एक प्रेत असते. खेळाचे सामर्थ्य एवढेच की त्याने साखळीची शेवटची कडी पडद्याबाहेर ठेवली आणि मग तो गप्प बसला. कादंबरी वाचकाला असे एकटे सोडू शकत नाही. तिचे पुढचे वाक्य आधीच लिहिलेले असते.

या घटनेनंतर प्राध्यापकांनी इझरवरचे व्याख्यान टाकले नाही. 'सहनिर्माता' हा शब्द फळ्यावर लिहून झाल्यावर मात्र ते आता विद्यार्थ्यांना विचारतात की संहितेतील रिक्त जागा भरताना वाचकाचे काय पणाला लागते. उत्तरे वेगवेगळी येतात. बहुतेक वेळा वर्ग शांत राहतो.

घरी तो विषय पुन्हा एकदाच निघाला. मुलगी म्हणाली की तो खेळ तिला पुन्हा खेळायचा आहे, आणि या वेळी नदीत कमीत कमी माणसे यावीत असा तिचा प्रयत्न राहील. वडिलांनी विचारले, "आणि शेवटी?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेवटी मी दाबेन. तुझ्याकडे नाही देणार."